ऑनलाईन इंग्रजीबद्दल मुले नेमके काय सांगत असतात

साताऱ्यातील एका महाविद्यालयात नुकत्याच रुजू झालेल्या इंग्रजीच्या अध्यापिकेने विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. त्यांच्या विभागाने पदवीच्या पहिल्या वर्षाच्या मुलांकडून गूगल फॉर्म भरून घेतला आणि बहुतेकांनी ‘ऑनलाईन इंग्रजी शिकायला आवडते’ याच बाजूला खूण केली. प्रत्यक्षात ऑनलाईन तासाला सगळ्यांचे कॅमेरे बंद असतात, प्रश्न विचारला की कोणी उत्तर देत नाही, आणि सत्राच्या शेवटी तोंडी परीक्षेत याच मुलांच्या तोंडून शब्द फुटत नाही. मग मुलांचे खरे मत कोणते समजायचे, आणि पुढच्या वर्षी इंग्रजीचे काही तास ऑनलाईन ठेवायचे की नाही?

मी सांगली जिल्ह्यातील एका महाविद्यालयात २५ वर्षांहून अधिक काळ कंपल्सरी इंग्लिश शिकवतो आहे. माझे उत्तर आधीच सांगतो, म्हणजे पुढचे वाचताना त्याची कारणे तपासता येतील. मुलांनी फॉर्ममध्ये लिहिलेले खोटे नाही, ते अर्धे आहे. त्यांना ऑनलाईन इंग्रजी ऐकायला आवडते. ऑनलाईन इंग्रजी बोलण्याचा अनुभव मात्र बहुतेकांना आलेलाच नाही, आणि फॉर्मने या दोन्ही गोष्टी एकाच प्रश्नात विचारल्या. म्हणून ऐकण्याचे काम ऑनलाईन न्यावे, समोरासमोर बोलण्याचे काम वर्गातच ठेवावे, आणि जी मुले वर्गात बोलायला धजत नाहीत त्यांच्यासाठी मधली पायरी म्हणून व्हॉइस मेसेज वापरावा.

आधी त्या फॉर्मविषयी लिहितो. असे फॉर्म बहुधा इंग्रजीत असतात, त्यात नाव आणि हजेरी क्रमांक मागितलेला असतो, आणि ‘पूर्णपणे सहमत’पासून ‘पूर्णपणे असहमत’पर्यंत पाच पर्याय दिलेले असतात. ही पायऱ्यांची पद्धत रेन्सिस लिकर्ट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञाने १९३२ मध्ये मांडली आणि तिचा उपयोग आहेच; परंतु विचारणाऱ्याचे मन राखण्यासाठी सहमतीकडे झुकण्याची माणसाची सवय हा या पद्धतीचा जुना आणि सर्वांना ठाऊक असलेला दोष आहे. आपल्या भागातील मुले शिक्षकांविषयी आदर बाळगून असतात. ज्या सरांनी किंवा मॅडमनी तास घेतला, त्यांनीच विचारलेल्या प्रश्नाला ‘नाही’ म्हणणे त्यांना उद्धटपणा वाटतो, आणि शिवाय अंतर्गत गुण त्याच शिक्षकांच्या हातात असतात. त्यातच प्रश्न इंग्रजीत असला, तर ज्या मुलाचे मत आपल्याला सर्वांत जास्त हवे असते, ज्याला इंग्रजी जड जाते, तोच मुलगा शेजाऱ्याने कुठे खूण केली ते पाहून मोकळा होतो.

मी गेली काही वर्षे वेगळ्या रीतीने विचारतो. अर्ध्या कागदाची चिठ्ठी, नाव नाही, प्रश्न मराठीत आणि उत्तरही मराठीत. चिठ्ठ्या टेबलावरच्या खडूच्या रिकाम्या खोक्यात टाकायच्या आणि मी त्या वेळी वर्गाबाहेर थांबायचे. ‘आवडते का’ असे मी विचारतच नाही. मी विचारतो की गेल्या आठवड्यात तुम्ही इंग्रजीतले एक तरी पूर्ण वाक्य मोठ्याने कधी बोललात, कुठे बोललात आणि ते कोणी ऐकले. दुसरा प्रश्न असा की मोबाईलवर इंग्रजी शिकताना तुम्ही शेवटचे कधी थांबलात आणि का थांबलात. या दोन प्रश्नांना मिळणारी उत्तरे फॉर्मपेक्षा फार वेगळी असतात. ‘बोललो नाही’ हे सर्वांत जास्त वेळा येते. त्याखालोखाल ‘लहान भावाचा अभ्यास घेताना’, ‘खोलीत कोणी नसताना’, ‘मनातल्या मनात’. थांबण्याची कारणे तर वाचण्यासारखी असतात: नेट संपले, घरी पाहुणे आले, दादाने मोबाईल मागितला, आणि एका चिठ्ठीवर एवढेच होते की ‘मी चुकलो का बरोबर आलो हे सांगणारे कोणी नव्हते, मग बंद केले’. ती चिठ्ठी मी अजून जपून ठेवली आहे, कारण ऑनलाईन इंग्रजीविषयीची मुलांची सगळी तक्रार त्या एका ओळीत आली आहे.

ही मुले कोण आहेत, तेही लक्षात घ्यावे लागते. महाराष्ट्रात २००० सालापासून मराठी शाळांतही पहिलीपासून इंग्रजी आले. म्हणजे आज पहिल्या वर्षाला प्रवेश घेणारा मुलगा, मग तो जतचा असो की पाटणचा, १२ वर्षे इंग्रजी हा विषय शिकूनच आपल्यासमोर बसतो. त्याला धडे येऊन गेले आहेत, प्रश्नोत्तरे पाठ झाली आहेत, गाळलेल्या जागा त्याने भरल्या आहेत. त्याला कोणी इंग्रजीत सलग दोन मिनिटे बोलू दिलेले नाही. त्यातच २०२० च्या मार्चमध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा ही मुले साधारण सातवी-आठवीत होती. ‘ऑनलाईन’ हा शब्द त्यांनी प्रथम ऐकला तो घरातील एकुलत्या मोबाईलसकट, वडील कामावर गेले की मोबाईलही गेला अशा परिस्थितीत. फॉर्मवर खूण करताना काहींच्या मनात तो मोबाईल असतो आणि काहींच्या मनात काल रात्री पाहिलेला यूट्यूबचा व्हिडिओ असतो. ‘ऑनलाईन’ म्हणजे काय हे आपण त्यांना सांगितलेले नसते आणि प्रत्येक जण आपापल्या आठवणीला उत्तर देतो.

आता मुलांना जे खरोखर आवडते त्याकडे वळतो, कारण ते आवडणे पोकळ नाही. पहिली गोष्ट म्हणजे मागे घेऊन पुन्हा ऐकता येणे. वर्गात ‘सर, परत सांगा’ हे एकदा म्हणता येते; दुसऱ्यांदा म्हणायला धीर लागतो; तिसऱ्यांदा कोणी म्हणत नाही. एकाच बाकावर सांगली शहरातील इंग्रजी माध्यमाची मुलगी आणि आटपाडी तालुक्यातील वस्तीवरच्या शाळेपासून शिकत आलेला मुलगा शेजारी बसतात, तेव्हा शिक्षकाचा वेग त्या मुलीला संथ आणि त्या मुलाला भरधाव वाटतो. ध्वनिमुद्रित तास हा भेद मिटवतो. जी मुले पाच वेळा ऐकतात ती पाच वेळा ऐकतात हे कोणालाही कळत नाही, आणि या न कळण्याला फार मोल आहे. एलेन हॉर्विट्झ या अमेरिकेतील भाषाशिक्षणाच्या संशोधिका आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८६ मध्ये परभाषेच्या वर्गातील भीती मोजण्यासाठी ३३ विधानांची एक प्रश्नावली तयार केली. ही भीती एकूण अभ्यासाच्या भीतीहून वेगळी आणि वेगळी मोजता येण्यासारखी आहे, हे त्यांचे म्हणणे होते. गणितात हुशार असलेला मुलगा इंग्रजीच्या तासाला मान खाली घालून बसतो, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना ते पटवून द्यावे लागत नाही.

कामावर जाणाऱ्या मुलांना तर ध्वनिमुद्रण हा मोठा आधार आहे. माझ्या वर्गातील काही मुले कुपवाडच्या एमआयडीसीत दुसरी पाळी करतात, काही पहाटे दूध संकलन केंद्रावर असतात, आणि द्राक्षाच्या छाटणीच्या दिवसांत तासगाव-पलूस भागातील मुलांची हजेरी निम्म्यावर येते. ‘कमवा आणि शिका’ ही कल्पना कर्मवीर भाऊराव पाटलांनी ज्या मातीत रुजवली त्याच मातीतील आपण शिक्षक आहोत. मिळवत मिळवत शिकणाऱ्या मुलाला गैरहजर म्हणून मोकळे होणे आपल्याला शोभत नाही. अशा मुलांनी ऑनलाईनला ‘आवडते’ म्हटले, तर ते शंभर टक्के खरे मानावे.

मात्र ‘घरी बसून शिकताना कोणी हसत नाही’ हे जे मुले लिहितात आणि आपणही सहज मान्य करतो, ते सर्वांच्या बाबतीत खरे नाही. मुलींच्या बाबतीत तर अनेकदा उलटेच असते. वर्गात हसणारे वर्गमित्र असतात, घरी अख्खे घर ऐकत असते. दोन खोल्यांच्या घरात मुलगी मोबाईलसमोर इंग्रजीत मोठ्याने बोलू लागली की ‘बघा, इंग्रजी फाडायला लागली’ असे कोणीतरी म्हणतेच. बोलणाऱ्याच्या मनात दुष्टपणा नसतो, पण मुलगी दुसऱ्या दिवसापासून माईक बंद ठेवते. शिक्षकाला दिसतो तो फक्त बंद माईक. त्याला उदासीनता समजण्याची चूक मी स्वतः २०२० मध्ये केली आहे. त्या वर्षी मी तास-तासभर बोलत राहिलो, अधूनमधून ‘आवाज येतोय का’ विचारत राहिलो, आणि उत्तर न देणाऱ्यांची हजेरी कापली. त्या हजेरीमुळे ज्यांचे नुकसान झाले त्यांत दोघी-तिघी अशा होत्या की ज्यांना बोलण्यासाठी घरात जागाच नव्हती. हे मला पुढे त्यांच्या चिठ्ठ्यांमधून कळले आणि त्याचे मला आजही वाईट वाटते.

त्यानंतरच्या वर्षी मी ऑनलाईन तासाला बोलण्याचा आग्रह सोडला आणि त्याऐवजी आठवड्याला एक मिनिटाचा व्हॉइस मेसेज मागितला. वेळेचे बंधन एवढेच की रविवार रात्रीपर्यंत तो यावा. जत तालुक्यातील एका मुलीचे पहिले मेसेज मला नेहमी पहाटे येत. पाठीमागे जनावराच्या गळ्यातील साखळीचा आणि धारेचा आवाज असे. ती गोठ्यात बसून, घरातले उठायच्या आधी बोलत होती. पहिल्या मेसेजमध्ये तिने तीन वाक्ये वाचून दाखवली, तीही एका दमात, जणू कोणी दार उघडेल या घाईने. मी तिला एकच गोष्ट सांगितली, की वाक्य संपले की श्वास घे. दुसऱ्या आठवड्यात ती थांबत थांबत बोलली. तिसऱ्या आठवड्यात तिने वाचणे सोडून आपल्या घरच्या शेळ्यांबद्दल सांगितले, आणि ‘माझ्याकडे सहा शेळ्या आहेत’ या अर्थी ‘आय ॲम हॅविंग सिक्स गोट्स’ असे म्हणाली. चौथ्या आठवड्यात तिने स्वतःच दोनदा बोलून पाहिले होते, कारण पहिला मेसेज आला, लगेच पुसला गेला आणि दुसरा आला, ज्यात ‘आय हॅव सिक्स गोट्स’ असे स्पष्ट होते. मी काही न सांगता तिने आपली चूक आपल्या कानाने पकडली होती. स्वतःचा आवाज ऐकणे, पुसणे आणि पुन्हा बोलणे ही सोय फळा-खडूच्या वर्गात आजवर कोणीही देऊ शकलेले नव्हते. ऑनलाईन माध्यमाचे खरे देणे मला विचाराल तर ते हे आहे. व्हिडिओ तास त्यानंतर कितीतरी खाली येतो.

मराठी मुलांची ही ‘हॅविंग’ची चूक कुठून येते, हेही सांगायला हवे, कारण तिचा ऑनलाईन शिक्षणाशी जवळचा संबंध आहे. यूट्यूबवर इंग्रजी शिकवणारे जे वर्ग आपली मुले सर्वांत जास्त पाहतात, ते बहुतांशी हिंदीतून असतात. त्यांत ‘ता है, ती है, ते हैं’ आले की साधा वर्तमानकाळ आणि ‘रहा है, रही है’ आले की चालू वर्तमानकाळ, असे सूत्र देतात. सूत्र सोपे आहे, मुलांना ते आवडते, आणि हिंदीत विचार करणाऱ्याला ते बऱ्यापैकी चालतेही. मराठी मुलाला मात्र आधी मराठी वाक्य मनात हिंदीत न्यावे लागते आणि मग इंग्रजीत, म्हणजे एका ओढ्याऐवजी दोन ओढे ओलांडावे लागतात. शिवाय आपल्या मराठीची चाल वेगळी आहे. आपण ‘मी उद्या येतो’ असे वर्तमानकाळात भविष्य बोलतो, म्हणून मूल ‘आय कम टुमॉरो’ म्हणते. आपण ‘मला दोन भाऊ आहेत’ असे म्हणतो, म्हणून ‘टू मी’ की ‘आय ॲम’ असा गोंधळ होतो. ‘मला समजते आहे’ हे बरोबर असल्याने ‘आय ॲम अंडरस्टँडिंग’ हेही बरोबर वाटते. या जागा मराठी जाणणाऱ्या शिक्षकालाच दिसतात. मुलांनी फॉर्ममध्ये ‘यूट्यूबवर चांगले समजते’ असे लिहिले असेल तर वाईट वाटून घेऊ नका; पण कोणते चॅनेल, कोणत्या भाषेतून, हे विचारून घ्या आणि तुमच्या तासाला नेमक्या या मराठी जागांवर वेळ द्या. त्या चॅनेलवर त्या मिळणार नाहीत.

दुसरी एक तक्रार आहे जिच्याकडे आपण तांत्रिक म्हणून दुर्लक्ष करतो: ‘नीट ऐकू येत नाही’. इंग्रजीत अनेकवचन आणि भूतकाळ शब्दाच्या अगदी शेपटाला असतात. ‘कॅट’ आणि ‘कॅट्स’, ‘वॉक’ आणि ‘वॉक्ट’ यांतला सगळा फरक शेवटच्या एका बारीक व्यंजनात आहे. जुन्या टेलिफोनवरून साधारण ३०० ते ३४०० हर्ट्झ एवढ्याच पट्ट्यातील आवाज जात असे आणि ‘स’ची सळसळ बरीचशी त्याच्या वर असते, म्हणूनच फोनवर नाव सांगताना ‘स’ की ‘फ’ असा घोटाळा व्हायचा. आजची साधने त्याहून पुष्कळ चांगली आहेत, परंतु शिराळ्याच्या चांदोली बाजूला किंवा जावळी-पाटणच्या डोंगरात रेंज अर्धी आली, मोबाईलचा स्पीकर लहान असला आणि बाजूला पंखा फिरत असला, की सर्वांत आधी हरवतात ती हीच शेवटची व्यंजने. म्हणजे ‘ऐकू येत नाही’ ही तक्रार प्रत्यक्षात व्याकरणाची तक्रार असते. मूल भूतकाळाचा प्रत्यय लावत नाही, कारण त्याने तो ऐकलेलाच नाही. यावर स्वस्तातील साधा इअरफोन हा सर्वांत उपयोगी उपाय आहे. दुसरा उपाय म्हणजे शिक्षकाने तास थेट न घेता छोटे ऑडिओ आधीच मुद्रित करून पाठवावेत. ते एकदा उतरवून घेतले की रेंजवर अवलंबून राहावे लागत नाही. २०२१ च्या जुलैत कृष्णेला पूर आला तेव्हा काठच्या कित्येक गावांत वीजच नव्हती. थेट तास चुकले ते कायमचे चुकले, ऑडिओ मात्र पाणी ओसरल्यावर ऐकले गेले. खर्चाच्या दृष्टीनेही हाच मार्ग बरा. तासाभराच्या व्हिडिओ तासाला शेकडो एमबी लागतात, आणि दिवसाच्या डेटा पॅकचा मोठा भाग त्यात जातो. एक मिनिटाच्या व्हॉइस मेसेजला एक एमबीही लागत नाही.

आता तुमच्या प्रश्नाचा गाभा, म्हणजे ऐकायला आवडत असूनही बोलता का येत नाही. कॅनडात इंग्रजी बोलणाऱ्या घरांतील मुलांना शाळेचे विषयच फ्रेंचमधून शिकवण्याचा प्रयोग गेली अनेक दशके चालू आहे. ती मुले वर्षानुवर्षे फ्रेंच ऐकत, त्यांना समजत उत्तम असे, तरीही त्यांच्या बोलण्या-लिहिण्यातील व्याकरण मागेच राहत असे. मेरिल स्वेन या तिथल्या भाषाअभ्यासक; त्यांनी १९८५ मध्ये त्यावरून असे मांडले की समजेल असे ऐकायला मिळणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही. समोरच्याला कळेल असे नेमके बोलण्याची जबरदस्ती शिकणाऱ्यावर व्हावी लागते, तेव्हाच तो वाक्याच्या घडणीकडे लक्ष देतो. ऐकताना आपण अर्थ ओळखून पुढे जातो, प्रत्यय कोणता होता याची गरज पडत नाही. बोलताना मात्र प्रत्यय लावावाच लागतो. जी मुले व्हिडिओ पाहून ‘सगळे समजले’ असे सांगतात, ती खरेच सांगतात. पण समजले म्हणजे आले असे त्यांना वाटते, आणि तोंडी परीक्षेच्या दिवशी हा समज फुटतो. हा धक्का परीक्षेत बसण्यापेक्षा दुसऱ्याच आठवड्यात, बिनगुणांच्या व्हॉइस मेसेजमध्ये बसलेला बरा.

भाषांतर करून देणारी आणि निबंध लिहून देणारी ॲप्स यांबद्दल थोडक्यात लिहितो. मुलांना ती आवडतात आणि त्यांवर बंदी घालून उपयोग होत नाही. मराठी मजकूर टाकून आलेले चकचकीत इंग्रजी वहीत उतरवले, तर वही सुधारते आणि मूल तिथेच राहते. मी एवढीच अट घालतो की ॲपकडून आलेले वाक्य घरून आणा, पण वर्गात ते वही मिटून, आपल्या शब्दांत, शेजाऱ्याला सांगा.

‘स्वयम्’ या केंद्र सरकारच्या संकेतस्थळावरील अभ्यासक्रमांचेही आपल्याकडे मुलांना विचारले जाते. ते २०१७ पासून सुरू आहेत आणि विद्यापीठ अनुदान आयोगाने २०२१ च्या नियमांनी एका सत्रातील ४० टक्क्यांपर्यंतचे अभ्यासक्रम तेथून करण्याची मुभा दिली आहे. एम.ए.च्या मुलांना त्यांचा चांगला उपयोग होतो. पहिल्या वर्षाच्या मराठी माध्यमाच्या मुलाला मात्र इंग्रजीतून इंग्रजीवर दिलेली लांब व्याख्याने डोक्यावरून जातात, आणि तो प्रमाणपत्रापुरता तेथे टिकतो. त्याच्या ‘आवडले’ या उत्तराला मी फारसे महत्त्व देणार नाही.

तेव्हा पुढच्या वर्षी काय करावे? आठवड्याला चार तास असतील तर मी एकच ऑनलाईन नेईन आणि तोही थेट घेणार नाही. सात-आठ मिनिटांचे दोन ऑडिओ किंवा व्हिडिओ स्वतःच्या आवाजात मुद्रित करून व्हॉट्सॲप गटावर टाकावेत. स्वतःच्या आवाजात हे महत्त्वाचे आहे. मुलांच्या चिठ्ठ्यांत मी अनेकदा वाचले आहे की ओळखीच्या आवाजातले इंग्रजी लवकर कळते. व्हिडिओ असेल तर पहिल्यांदा खालची अक्षरे बंद ठेवून ऐकायला सांगा, दुसऱ्यांदा अक्षरांसह, तिसऱ्यांदा पुन्हा बंद ठेवून. नाहीतर मुले ऐकत नाहीत, वाचतात. त्या ऑडिओवर दोन प्रश्न द्यावेत, ज्यांचे उत्तर व्हॉइस मेसेजनेच येईल.

मेसेज मोठ्या गटावर मागू नयेत. सगळ्या वर्गासमोर बोलण्याची भीती मोबाईलमुळे कमी होत नाही, उलट मुद्रण मागे राहते म्हणून वाढते. पहिले चार आठवडे मेसेज फक्त तुम्हाला यावेत, त्यानंतर पाच-पाच जणांच्या छोट्या गटांत. गट करताना एका गावची किंवा एका एसटीने येणारी मुले एकत्र ठेवा. ती गाडीत भेटतात, एकमेकांची भीड चेपते आणि दुरुस्तीही आपसांत होते. मुलींना हवा असल्यास मुलींचा वेगळा गट करू द्या, त्यावर चर्चा करत बसू नका. तुमच्या बाजूचा हिशेबही नीट करा. ६० मुलांचे एकेक मिनिट म्हणजे ऐकण्याचाच एक तास, आणि उत्तरे देण्यात आणखी तास-दीड तास जातो. हे दर आठवड्याला निभत नाही. म्हणून १५ मुलांना दर आठवड्याला सविस्तर उत्तर द्यावे, म्हणजे महिन्याभरात प्रत्येकाची पाळी येते. बाकीच्यांना ‘ऐकले’ एवढे तरी लिहावे. उत्तर देताना एका वेळी एकच चूक सांगावी आणि तीही बोलूनच सांगावी. मला स्वतःला हा नियम पाळायला सर्वांत जड गेला, कारण लाल शाईची सवय हातातून लवकर जात नाही. पण ज्या मुलाला सात चुका दाखवल्या तो पुढच्या रविवारी मेसेज पाठवत नाही.

उरलेले तीन तास वर्गात घ्यावेत आणि त्यांत व्याख्यान कमी, काम जास्त असावे. एन. एस. प्रभू या भारतीय भाषाशिक्षणतज्ज्ञांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि मद्रास येथील शाळांमध्ये जो प्रयोग केला, त्यात व्याकरणाच्या धड्यांऐवजी मुलांना सोडवायला कामे दिली होती, रेल्वेचे वेळापत्रक वाचून प्रवास ठरवणे यासारखी. मी त्यासाठी सांगली स्थानकाचे एसटीचे वेळापत्रक घेतो. एका मुलाकडे विट्याच्या गाड्यांच्या वेळा, दुसऱ्याकडे विट्याहून पुढे आटपाडीच्या. दोघांनी एकमेकांचा कागद न पाहता, फक्त इंग्रजीत विचारून, सकाळी दहाला आटपाडीत पोहोचण्याचा मार्ग ठरवायचा. सुरुवातीला तुटक शब्द येतात, मग प्रश्न येतात, आणि एखादा मुलगा गाडी चुकल्याच्या खऱ्याखुऱ्या कळवळ्याने ‘नो, नो, दॅट बस इज गॉन’ असे ओरडतो. हे काम ऑनलाईन करून पाहिले आहे. तिथे दोघे एकाच वेळी बोलतात, मग दोघेही थांबतात, आणि त्या थांबण्यातच कामाचा जीव जातो. समोरच्याचा चेहरा दिसत असला की कोणी बोलायचे हे न सांगता ठरते.

शेवटी मुलांच्या आवाजांविषयी एक खबरदारी पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवा. कोणाचाही मेसेज त्याच्या परवानगीशिवाय वर्गात ऐकवला जाणार नाही, चांगले उदाहरण म्हणूनसुद्धा नाही. तो दुसऱ्या शिक्षकांकडे जाणार नाही. आणि सत्र संपल्यावर त्यांच्यासमोर सगळे मेसेज पुसले जातील. मी हे गेल्या काही वर्षांपासून लेखी देतो आणि सत्राच्या शेवटच्या तासाला मोबाईल टेबलावर ठेवून प्रत्यक्ष पुसतो. त्या दिवशी काही मुले आपला पहिला मेसेज पुसण्याआधी स्वतःला परत पाठवायला सांगतात. मी तो पाठवतो आणि मग पुसतो.